पाडव्याचं रुमणं

आमच्या घरात चांगली म्हणून जेवढी जमीन आहे, तेवढी दुसऱ्यांनी चांगली केलेली आहे. रीत सोपी होती. कळंबच्या वाटेवरचं एखादं मुरमाड रान बटईनं द्यायचं. बटईदारानं बायकापोरांसह धोंडे वेचायचे, त्यांची बांधासारखी ताल रचायची आणि तालीमागं पावसाळ्यात वाहून येणारी माती धरायची. रानात शाळू डोलायला लागला की पाडव्याला वडील त्याला तिथून उठवत आणि शेजारच्या दुसऱ्या मुरमात घालत. पीक निम्मं आमचं, माती सगळी आमची. ह्याला वडील ‘पालट’ म्हणत.

“बटईदार आन् लाकूड एका जागी लई दिस ठिवू न्हाय, बुडाला वाळवी लागती,” असं ते चावडीवर सांगत आणि लोक हसत. हसणाऱ्यांत बटईदारही असत. त्यांच्या त्या हसण्याची मला वडिलांच्या बोलण्याहून जास्त चीड येई.

ही चीड मी पत्रकांतून शिकलो. शाळेत सगळं उर्दूत चाले. माझी मराठी वाढली ती बार्शीकडून, इंग्रजी हद्दीतून चोरून येणाऱ्या आणि कडब्याच्या गंजीत लपवलेल्या त्या पातळ कागदांवर. निजामाचा जुलूम त्यांत ठळक छापलेला असे. पण वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं, की निजाम हैदराबादला बसतो आणि पालट आमच्या ओसरीवर ठरते.

मी हाताशी आलो तेव्हा ओढ्याकडेच्या रानात एक बटईदार होता, ह्याआधीही दोन रानांतून उठवलेला. ह्या रानाची ताल रचताना त्याच्या बायकोची बोटं धोंड्याखाली चेचली होती. त्या सुगीत तालीमागच्या शाळूला ओंजळीत न मावणारी कणसं आली. नेमकी तेव्हाच तहसिलीतून कुजबुज आली, की बटईनं कसणाऱ्याला जमिनीत हक्क देणारा कायदा होतोय. वडिलांनी घाई केली. ते रान आता माझं व्हायचं होतं.

आमच्या गावात पाडव्याला बाप मुलाच्या हाती औताचं रुमणं, म्हणजे धरायची मूठ, देतो. मुलानं गावादेखत पाच तास मारले, नांगराच्या पाच रेघा ओढल्या, की ते रान त्याचं. पाडव्याचं औत मोडत नाहीत, एकदा धरलेलं रान बदलत नाहीत; मोडलं तर घराला पीडा लागते म्हणतात. दुसऱ्यांच्या घरी हा सण असतो. आमच्या घरी ती हुसकावणी होती. मालकाचा पोरगा स्वतः कसायला उतरला म्हटल्यावर बटईदारानं तोंड कुठं उघडायचं?

आदल्या दिवशी मी वडिलांना म्हणालो, “दादा, मला ते रान नको.”

“का? मऊ लागतंय व्हय?”

“त्यांनी केलंय ते.”

“केलं, आन् निम्मं खाल्लं बी. रान म्या दिलं व्हतं का न्हाय? उद्या गप रुमणं धर. कागदं वाचून पोट भरत न्हाय.”

“रानं करून त्यांचं तरी कुठं भरतंय?”

“मग त्यास्नी बी वाचून दाव की कागदं!”

पाडव्याला गाव बांधावर जमलं. औताला हळदकुंकू लागलं. वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं बटईदाराला म्हणाले, “पलीकडचा मुरूम तुला ठिवलाय. तुझ्या हाताला गुण हाय, गड्या.” लोक हसले. ह्या वेळी तो हसला नाही. तालीवर बसलेल्या त्याच्या बायकोनं तोंड फिरवलं.

वडिलांनी रुमणं माझ्या हाती दिलं. मी बैल वळवले, ओढ्याकडेनं वळसा घेतला आणि त्या पलीकडच्या मुरमात फाळ टेकवला.

“आरं, तिकडं कुठं? येडा झालास का?”

फाळ दगडांवर किंचाळत होता. तास कसले, ओरखडेच ते. पण वडील धापा टाकत पोचेपर्यंत पाचही ओढून झाले होते. त्यांनी हात उगारला. तेवढ्यात बांधावरून एक म्हातारा खाकरला, “आता न्हाय मोडता येत. पाडव्याचं औत हाय.” हात खाली आला. ज्या रितीनं त्यांनी जन्मभर माणसं उठवली, तिनंच त्यांना भर गावात अडवलं. मला फार आनंद झाला. तो मी लपवला नाही, आजही लपवत नाही.

लोक पांगल्यावर बटईदार जवळ आला. “मालक, तुमचं बापलेकाचं भांडण. राग आमच्या दारात येईल.”

“येऊ द्या.”

“तुमाला काय जातंय, येऊ द्या म्हणायला,” म्हणाला आणि निघून गेला.

तो त्याच रानात राहिला. निम्मी रास अजूनही आमच्याच गाडीतून येते, आणि ती गाडी दिसली की माझा आनंद विटतो. वडिलांनी मला पुन्हा बैल दिले नाहीत. मी माझ्या मुरमात पहारीनं धोंडे उपटतो. बटईदार मदतीला येत नाही. त्यानं का यावं?

दिवस कलताना वडील येतात, माझ्या अर्ध्या तालीवर पाय ठेवून उभे राहतात.

“कर, कर. चांगलं कर रान. पट्टा अजून माझ्या नावावर हाय. झालं की बघू कुणाला द्यायचं ते.”

मी धोंडा त्यांच्या पायाशी तालीत बसवतो. “उठवून बघा, दादा.”