राखणदाराला कोरा चहा

मालकाने रमचा ग्लास माझ्या हातात दिला. आठ खलाशी माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मागे चुलीवर मटण रटरटत होतं. मी ग्लास धरून तसाच उभा.

नारळी पौर्णिमा झाली की आमच्याकडे ट्रॉलर पाण्यात घालतात. त्या दिवशी दुपारी मालकाची पार्टी. पण आधी तांडेल, म्हणजे ट्रॉलर चालवणारा मुख्य माणूस, राखणदाराला, समुद्रात आमचं रक्षण करणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सांभाळ म्हणून विनवतो. अर्धा ग्लास पुढच्या टोकावर, नाळेवर ओतायचा, अर्धा स्वतः प्यायचा. तांडेल प्यायल्याशिवाय खलाशी ट्रॉलरवर पाय ठेवत नाहीत. मी शिकलो चौथीपर्यंत, पण तांडेल तीस वर्षं होतो.

दहा वर्षांमागे मला कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, "यापुढे थेंब घेतलात तर वाचणार नाही." मालकाला सांगितलं असतं तर त्याने दुसरा तांडेल आणला असता. वाट काढली बायकोने. तो ग्लास तांडेलाच्या बायकोनेच भरून आणायचा अशी रीत. तिने कोरा चहा थंड करून आणला. रंग तोच. हळूच म्हणाली, "घेवा, नि तोंड वाकडा करा." मी केलं. नऊ पार्ट्या अशा गेल्या.

ह्या वैशाखात तिला ताप आला. पाच दिवसांत संपली. म्हणून यंदा ग्लास मालकाने भरला.

"घे रे तांडेला," मालक म्हणाला. "वयनी नाय म्हणान थांबलंस?"

"माका दारू चलना नाय."

"गेल्या वर्सा कशी चलली?"

"गेल्या वर्सा ती चाय होती."

सगळं सांगून टाकलं. मला वाटलं कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. खलाशांतला बाबलो पुढे आला. चार वर्षांमागे त्याचा हात विंचमध्ये, जाळं ओढायच्या यंत्रात, सापडला होता. अजून मूठ मिटत नाही.

"राखणदाराक चाय पाजलंस?" तो ओरडला. "नि भोगलंय मी!"

"अरे, विंचाक झाकणाचो गार्ड नाय होतो. मी मालकाक दोनदा सांगललंय."

मालक समुद्राकडे बघत राहिला.

ग्लास हातातच होता. घ्यावा नि प्यावा असं वाटलं. अडवायला आता घरात कोण होतं? पण तोंडाशी नेला नि वास आला. तिला तो वास सोसायचा नाही. सगळा ग्लास नाळेवर ओतला.

मालक म्हणाला, "तू घराक जा. मी दुसरो बघतंय."

गेलो. जेवून जा असं कोणी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॉलर गेला, नव्या तांडेलासकट. विंचला गार्ड अजून नाही.

पार्टीत पीत नसाल तर पहिल्याच वर्षी तोंडावर सांगा. काम जाईल. माझंही तेव्हाच गेलं असतं. पण तेव्हा घरी आम्ही दोघं होतो.