खणातल्या चिठ्ठ्या

तेव्हा मी मंचरजवळच्या एका लहान दवाखान्यात नर्स होते. पुण्यातल्या एका केंद्रात कॅन्सरच्या वेदनेवर मॉर्फिन मिळायचं. तिकडे पेशंट पाठवायच्या छापील चिठ्ठ्यांचं पॅड आमच्या टेबलाच्या खणात कित्येक महिने पडून होतं. तिकडे पाठवायचं म्हणजे आपण हात टेकले असं कबूल करायचं, अशी आमची समजूत. मॉर्फिनची सवय लागते, हेही आम्ही एकमेकींना ठासून सांगायचो. ज्याचे दोन महिने उरलेत त्याला सवय लागून काय होणार, हे कुणी विचारलं नाही. उपाय संपले की नातेवाइकांना "घरी न्या, सेवा करा" म्हणायचं, एवढीच पद्धत होती.

अवसरीच्या एका शेतकऱ्याला घशाचा कॅन्सर होता. आडवं होता येत नसे, म्हणून ते खाटेचा कठडा धरून बसून असत. त्यांनाही आम्ही घरीच पाठवलं. पुढे त्यांचं कण्हणं ऐकवेना, तेव्हा त्यांची बायको दवाखान्यात येऊन माझ्यासमोर बसून राहिली. तिला कटवायला म्हणून मी एक चिठ्ठी फाडून दिली.

तेरावं झाल्यावर ती पुण्याहून आणलेल्या औषधाची उरलेली बाटली घेऊन आली.

"शेवटचं चार दिस लई गाढ झोपले, बाई," ती म्हणाली. "ह्ये औषध आधी निघालंच न्हवतं का?"

"नाही," मी म्हणाले. "नवीनच आलंय."

आणि उघडा खण गुडघ्याने लोटून बंद केला.