मास्तरांनी कापलेली जास्वंद

आमच्या शेजारचे टेलरमास्तर कापडाला कात्री लावण्याआधी तीनदा मोजतात आणि मोजून झालं की खात्रीसाठी पुन्हा मोजतात. वर 'पुढेमागे अंग भरलं तर असू द्यावं' म्हणून आत चार बोटं कापड दाबून ठेवतात. त्यांनी शिवलेली पँट मी अकरा वर्षं उसवून उसवून घालतोय. माझं पोट दमलं, मास्तरांचं मार्जिन संपलं नाही.

अशा माणसाच्या गळ्यात वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एक झाड बांधलं. वहिनींच्या आईचं घर विकलं गेलं. त्या घरामागे, पाण्याच्या टाकीआड, आईने लावलेली जास्वंद होती. आई गेल्यापासून तिला कोणी घोटभर पाणी विचारलं नव्हतं. "माहेरचं तेवढंच राहिलंय, घेऊन या," वहिनी म्हणाल्या. मास्तर कुदळ घेऊन गेले, अर्धी मुळं तिथेच ठेवून उरलेली जास्वंद टेम्पोतून आणली आणि दाराशी लावली. आठवड्याच्या आत पानं गळाली. वहिनींनी मास्तरांशी बोलणं टाकलं.

म्हणजे बोलायच्या, पण माझ्यामार्फत.

"भावजी, त्यांना सांगा, चहा झालाय."

मास्तर हातभर अंतरावर मशीन चालवत असायचे. मी म्हणायचो, "मास्तर, आतून निरोप आहे, चहा झालाय. आवाजावरून साखर कमी वाटते." पुढचं माझ्या पदरचं. या नोकरीत मलाही दोन वेळचा चहा सुटायचा, त्यामुळे भांडण मिटायची मला काही घाई नव्हती. पण वहिनी रोज सकाळी त्या काटक्यांसमोर नुसत्या उभ्या राहायला लागल्या, तेव्हा माझाही चहा गोड लागेना. मी रोपवाटिकेतल्या माळ्याला धरून आणलं.

माळ्याने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. "जीव आहे अजून. पण खाली मुळं निम्मी आणि वर फांद्यांचं खटलं तेवढंच. ती बिचारी पुरवणार कुणाकुणाला? वरचं निम्मं कापा. पाणी बेताचं द्या, दुपारी सावली करा."

सावली मास्तरांनी लगेच केली. अस्तराचं कापड, चारी कडांना दुहेरी शिवण. कापायचं मात्र नाव नाही. टेप लावून फांद्या मोजल्या, खडूने खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या पुसून चार बोटं वर केल्या.

"अहो, झाड आहे ते," मी म्हटलं. "त्याला काय बाळसं धरल्यावर उसवून द्यायचंय?"

"तुम्हाला थट्टा सुचते. जास्त कापली गेली तर जोड कुठून देऊ? आधीच एकदा चुकलोय."

तिसऱ्या दिवशी खुणा शेंड्याला पोचल्या आणि वहिनी बाहेर आल्या. हातात मास्तरांची कापडाची कात्री. या कात्रीने घरात कागदसुद्धा कापायची सोय नाही. मी एकदा नुसती अंगठ्याच्या नखाजवळ नेली, तर दोन महिने माझी शिलाई बंद होती.

"अगं, धार जाईल तिची!" मास्तर ओरडले.

"जाऊ दे!" सतरा दिवसांनी वहिनी थेट नवऱ्याशी बोलल्या. "आईचं झाड जातंय, त्याचं काही नाही?"

मास्तरांनी कात्री हळूच काढून घेतली आणि पहिल्या दिवशीच्या पुसट खुणा शोधून कराकरा कापत सुटले. प्रत्येक फांदीला स्वतःच कण्हत होते. मागे उरले गुडघ्याएवढे सात खुंट आणि शिलाई मशीनच्या तेलानेही न सुधारणारी कात्री.

पुढचे अठरा दिवस काही नाही. एकोणिसाव्या दिवशी भिंतीकडच्या खुंटावर तांदळाएवढं काहीतरी हिरवं दिसलं. वहिनी उकिडव्या बसल्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "कोंब वाकडा आलाय."

"वाकडा कसा? उरेब कापलंय मी, तिरकं. पडतं छान."

"छान म्हणे! आई असती तर सरळ कापायला लावलं असतं."

"तुझ्या आईने माझं एक तरी काम सरळ म्हटलं होतं का?"

बघता बघता दोघं रंगात आली. मी खाकरलो, दोनदा. कोणी वळूनही पाहिलं नाही, तेव्हा घरी येऊन मी स्वतःच चहाचं आधण ठेवलं.