‘विश्वास कमी पडतोय’ म्हणणारी मी

परवाच्या रविवारी निलंग्याच्या आमच्या चर्चमध्ये पास्टरांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगायचं. शाळेत शिक्षिका आहे, बोलायला मी घाबरत नाही... पण त्या दिवशी जागेवरून उठावंसंच वाटेना.

सगळ्यांना बरं झाल्याची साक्ष ऐकायची होती. आणि आमचे हे बरे झालेले नाहीत.

माझे मिस्टर एसटीत ड्रायव्हर. गेल्या वर्षी सकाळी दाढी करता करता हातातून ब्रश गळाला आणि उजवी बाजूच गेली. तीन आठवडे लातूरला दवाखान्यात होतो, मग घरी. आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. हात मात्र तसाच आहे... शर्टाची बटणं मी लावते.

सुरुवातीला मी खूप प्रार्थना केली. उपास धरले. नांदेडहून माझा भाऊ चारपाच जणांना घेऊन आला, त्यांनी ह्यांच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. हात काही हलला नाही.

मग एक दिवस बायबल उघडलं आणि तसंच मिटून ठेवलं. देवाचा राग आला होता, सरळ सांगते. त्यानंतर कितीतरी दिवस माझी प्रार्थना एवढीच होती... प्रभू, आजचा दिवस निभावून ने.

त्याच सुमाराला चर्चमधल्या एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मॅडम, तुमचा विश्वास कुठंतरी कमी पडतोय." फोन ठेवता ठेवता मला आठवलं. हे वाक्य माझंच होतं.

चार वर्षांपूर्वी आमच्याच चर्चमधल्या रत्नमालाबाईंचे मालक किडनीच्या आजाराने अंथरुणाला खिळले होते. मी बायकांचा ग्रुप घेऊन त्यांच्या घरी प्रार्थनेला गेले होते. त्या आजारी माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, सगळ्यांसमोर, मी रत्नमालाबाईंना हेच म्हणाले होते. पंधरा दिवसांत त्यांचे मालक गेले. मी ते बोलणं विसरूनही गेले होते.

आणि आमच्याकडे आजारपण आल्यापासून, आठवड्यातून तीनदा तरी कोण येत होतं? रत्नमालाबाईच. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. अंगणवाडी सुटली की यायच्या, ह्यांना कुशीवर वळवायला हात द्यायच्या, भाकरी टाकायच्या आणि निघायच्या. उपदेशाचा एक शब्द नाही. फोन आल्यापासून मला त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता.

तर रविवारी मी हेच सगळं सांगितलं. हात बरा झाला नाही हे सांगितलं, देवाचा राग आला होता हेही सांगितलं. मग रत्नमालाबाईंचं नाव घेऊन म्हटलं, "तुमच्या मालकांपुढं मी जे बोलले ते चुकीचं होतं. मला माफ करा."

आमेन कुणीच म्हणालं नाही. मी माझ्या जागेवर जाऊन बसले. रत्नमालाबाई मान खाली घालून बसल्या होत्या.

चर्च सुटल्यावर बाहेर त्या चपला घालत होत्या. मी जवळ गेले.

"मॅडम, खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "लई राग होता मला तुमचा. पयल्यांदा तुमच्या घरी आले ना, तवा बी होता."

"मग आलात कशाला?"

"घरात आजारी माणूस असलं की एकट्या बाईचं काय होतंय, ते मला ठाव हाय ना. प्रार्थनेला बसले की तुमचंच तोंड पुढं यायचं. म्हणलं, राग राहू दे, आधी जाऊन तरी यावं."

"आणि आता?"

त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. "समदा गेला न्हाई अजून. पण आज बराच गेला." आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "बरं केलंस." आता त्यांची जीभ जड आहे, दोन शब्दांनाही वेळ लागतो.

मला वाटायचं, विश्वास पक्का असला की मनात राग उरत नाही, शंका उरत नाही. रत्नमालाबाई तर राग घेऊनच माझ्या दारात आल्या... आणि येत राहिल्या.

ह्यांच्या हातासाठी मी आजही मागते. मिळेल की नाही, माहीत नाही. पूर्वी हे ‘माहीत नाही’ माझ्या तोंडून निघालंच नसतं... आता तेवढंच म्हणून गुडघे टेकते, आणि उठताना मन शांत असतं. प्रभूचे त्यासाठी आभार.