आवरून घेतलेलं रान

आमच्या इमारतीत तिला नावाने कोणी हाक मारत नाही. ती सिस्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाली, पण आवाज अजून वॉर्डातलाच. तिने "हात पुढे करा" म्हटलं की भलेभले मुकाट्याने बाही वर करतात.

नवरा बसचालक, इमारतीतल्या पोरांचा बसकाका. आयुष्य काचेतून रस्ता बघण्यात गेलं, आणि एका झटक्याने उजवी बाजू आणि वाचा दोन्ही नेली. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट. बाहेर आमची सामायिक हिरवळ, हजामत केल्यासारखी गुळगुळीत, मधोमध 'गवतावर चालू नये' अशी पाटी. तिकडे चिमणीसुद्धा फिरकत नसे. तो माणूस दिवसभर ती पाटी बघत पडलेला असायचा.

सिस्टरने सभेत विषय काढला, की गवत कापणं बंद करू, मागे रान वाढू दे.

"साप आले तर?" अध्यक्ष म्हणाले.

"येऊ द्या. चावल्यावर काय करायचं ते मला येतं."

विषय तिथेच मिटला.

पुढे मात्र लोक मनापासून राबले, हे नाकारून चालणार नाही. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून फरश्या उखडल्या, डबकं खणलं, वाळकी लाकडं कोपऱ्यात रचली, मिळतील तिथून रानटी रोपं आणली. टापटीप वहिनी, जिच्या दारातल्या चपलासुद्धा ओळीत उभ्या असतात, ती पदर खोचून चिखलात उतरली. वर्ष-दीड वर्षात कमरेएवढं रान माजलं. बेडूक आले, फुलपाखरं आली. खिडकीसमोरच्या झुडपात बुलबुलाने घरटं बांधलं.

एका सकाळी सिस्टर चहाचा कप हातात तसाच धरून वर माझ्याकडे धावत आली. "अगं, हे बोलले! 'आली' म्हणाले! ती पाखराची बाई घरट्यावर आली ना, तर 'आली' म्हणाले!" निम्मा चहा जिन्यात सांडला होता आणि ती ढसाढसा रडत होती. त्यानंतर रोज एखादा शब्द येऊ लागला. 'अंडी.' 'पिल्लू.' डॉक्टरांचे व्यायाम करून जे झालं नाही, ते त्या झुडपाने केलं.

मग नगरपालिकेने सर्वोत्तम शहरी रानाची स्पर्धा जाहीर केली. आमच्या अध्यक्षांनी उत्साहाने भाग घेतला. परीक्षक यायचे त्याच दिवशी बसकाकांची तपासणी होती, म्हणून त्या दोघांना घेऊन मी गाडीने दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सिस्टरला बाजूला घेतलं. आता फार दिवस धरून चालू नका, म्हणाले.

दुपारी परतलो, तर मागे ही गर्दी! पाहुणे येणार म्हणून आमच्या लोकांनी रान आवरलं होतं. गवत कापलेलं, पाचोळा पेटवलेला, डबकं उपसून घासलेलं. झुडपं कातरून गोल केलेली, कडेच्या दगडांना चुना. टापटीप वहिनी घामाने निथळत उभी होती.

"सिस्टर, बघा तरी! सकाळपासून कोणी पाण्याचा घोट घेतला नाही," अध्यक्ष म्हणाले.

परीक्षक बाई आल्या, इकडेतिकडे बघत राहिल्या. "आणि रान कुठे आहे?"

"हेच की! जरा आवरून घेतलंय," अध्यक्ष म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं. मला त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

खिडकीसमोरचं झुडूप आता चेंडूसारखं गोल होतं. घरटं पाचोळ्याबरोबर गेलं होतं, पिल्लांसकट. बुलबुलाची मादी चोचीत अळी धरून त्या चेंडूभोवती फिरत होती. बसकाका खाटेवरून ते बघत होते.

"पुन्हा वाढेल हो, सिस्टर. गवतच ते," वहिनी चाचरत म्हणाली.

"वाढेल ना. पण ह्यांना दाखवायला कुठे जाऊ मग?"

संध्याकाळी बसकाकांनी डाव्या हाताने भिंतीकडे खूण केली. सिस्टरला कळेना, मग कळलं. त्यांना खाट फिरवून हवी होती. लाकडी खाट जड, तिला एकटीला हलेना. मी जिन्यातून हाक मारली, तर अध्यक्षांसकट सगळे धावत आले, एका दमात खाट उचलली आणि त्या माणसाचं तोंड भिंतीकडे करून दिलं.