एअर फिल्टरमधला झेंडू

मंडळी, आज ताईला आणि तिच्या तान्ह्या बाळाला ठाण्याच्या हॉस्पिटलातून डोंबिवलीला घरी आणायचं होतं. आणि आमची गाडी दसऱ्यापासून कमी स्पीडला झटके मारत होती.

सकाळी वैतागून बॉनेट उघडलं. एअर फिल्टरचा डबा खोलला, तर आत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या गच्च. इंजिनाला हवाच मिळत नव्हती.

"आई, हे काय?"

"दसऱ्याला इंजिनाला हार घातलेला. राबतं ते, आणि हार काय फक्त बाहेरच्या पत्र्याला?"

फिल्टर साफ केला. येताना टेंभी नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये एकही झटका नाही. बाळ जागंसुद्धा झालं नाही.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "म्हटलेलं ना, पूजा वाया जात नाही."

यावर तुमच्याकडे काही उत्तर असेल तर कमेंटमध्ये द्या.