कटौतीवर लावलेली चाचणी

घरमालकीण मावशी नसत्या तर माझी चाचणी त्या दिवशी कचऱ्यात गेली असती, हे आधी लिहून टाकतो.

मी नववीत शाळा सोडली. घर लांब कोकणात, पोटासाठी बुऱ्हाणपूरला आलो. तिथल्या शनवारा भागात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायचो आणि उरलेल्या वेळात एका ओपन सोर्स, म्हणजे कोणीही हातभार लावू शकेल अशा, प्रकल्पासाठी चाचण्या लिहायचो. डेटा साठवणारे सर्व्हर ठरलेले नियम पाळतात की नाही, ते या चाचण्या बघतात. तिथं कोणी मार्कशीट मागत नाही. म्हणून माझा सगळा जीव तिथं.

माझी चाचणी अशी: सर्व्हर एकदा ‘लिहून ठेवलं’ म्हणाला, की वीज गेली तरी डेटा राहिला पाहिजे. वीज तोडायचं यंत्र मी कुठून आणणार? पण दुपारची विजेची कटौती इथं रोजचीच. मावशींच्या घरातल्या माझ्या वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर सर्व्हर आणि चाचणी चालू करून दुकानात जायचो. वीज परत आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होऊन डेटा तपासेल, अशी सोय केली होती. संध्याकाळी बघावं तर सगळे सर्व्हर पास.

प्रकल्प सांभाळणाऱ्यांना शंका आली. “ही कधी कोणाला नापास करते का? मुद्दाम खोटं बोलणारा सर्व्हर लावून दाखवा. आज जमलं नाही तर काढून टाकतो.”

दुकानात सुट्टी मागितली. डेटा नुसता, वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत ठेवून ‘लिहिलं’ म्हणणारा सर्व्हर बनवला आणि कटौतीची वाट बघत बसलो. लाइट गेली. बल्ब गेला, पंखा थांबला. कॉम्प्युटर मात्र घरघरतच राहिला.

मावशी ताक घेऊन वर आल्या. “काय रे, तोंड का उतरलं?”

“लाइट गेली तरी हे बंद होत नाही, मावशी.”

“होईल कसं? तो प्लग मीच आमच्या इन्व्हर्टरवर घ्यायला लावला ना. म्हटलं, पोराचं काम अटकायला नको.”

म्हणजे इतके दिवस माझ्या कॉम्प्युटरची वीज गेलीच नव्हती! मी काही बोलायच्या आत त्या खाली गेल्या. इन्व्हर्टर बंद. कॉम्प्युटर गप्प.

खाली पेपर मिलची रातपाळी करून झोपलेले मावशींचे यजमान, काका, ओरडले, “पंखा कोणी बंद केला?”

“गप पडा. पोराची परीक्षा आहे.”

“कसली परीक्षा?”

मावशींनी सांगितलं.

“अरे मग नुसता प्लग उपटायचा ना, बावळटा!”

खरंच, भीतीत ते सुचलंच नव्हतं.

मावशींनी इन्व्हर्टर परत लावला. कॉम्प्युटर सुरू झाला. डेटा गायब. पडद्यावर लाल अक्षरांत ‘नापास’; खोटं बोलणारा सर्व्हर पकडला गेला होता. जुने निकाल रद्द समजा, असं कारणासकट लिहून सगळं पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं: “चाचणी ठेवतो.”

मावशींनी अजून समुद्र पाहिलेला नाही. एक दिवस त्यांना कोकणात आमच्या घरी नेईन, आईच्या हातचं जेवू घालीन आणि संध्याकाळी किनाऱ्यावर घेऊन जाईन. हे त्यांना अजून सांगितलं नाही. पण नेणार, नक्की.